नेमकं कसं दुखतंय?

दुपारची झोप (धागाकर्ता)

गेल्या महिन्यात आई वाईहून माझ्याकडे बंगळूरला आली होती. आल्यावर तिसऱ्या दिवशी म्हणाली, डाव्या अंगाला बरगडीखाली कसंतरीच होतंय. मी म्हटलं, प्रवासाचा शीण असेल. दुसऱ्या दिवशी तिला पदर नीट खांद्यावर घेता येईना. डावी बाजू, वय ६८, म्हणून मी घाबरून एका मोठ्या हॉस्पिटलात नेलं.

डॉक्टर भला माणूस. कन्नड आणि इंग्रजी चांगलं, हिंदी जेमतेम. आईचं हिंदी मालिकांमधलं. मध्ये दुभाषा मी.

"पेन कैसा है? शार्प? डल? बर्निंग?"

आई माझ्याकडे बघून म्हणाली, "दुखत नाहीये म्हणावं त्यांना. आत काही नाही. वरच्यावर आहे. पदर लागला तरी झोंबतं."

मी काय सांगितलं असेल? "नॉट मच पेन, डॉक्टर. लिटल बर्निंग."

मग त्यांनी भिंतीवरची चेहऱ्यांची पट्टी दाखवली. शून्य ते दहामध्ये किती? आईने जरा विचार केला. "तुझ्या वेळच्या कळा दहा धरल्या तर हे... तीन. चार म्हण." कागदावर ४ पडले. ईसीजी नॉर्मल आला. जळजळ म्हटल्यावर ॲसिडिटीच्या गोळ्या मिळाल्या आणि आम्ही घरी आलो.

दोन दिवसांनी डाव्या बरगडीवरून पाठीपर्यंत पट्ट्यासारखं पुरळ उठलं. नागीण. आमच्या गल्लीतल्या साध्या क्लिनिकमधल्या बाईंनी बघताक्षणी ओळखलं आणि विचारलं, "पुरळ यायच्या आधी कपडा लागला तरी त्रास व्हायचा का?" आई म्हणाली, "तेच तर सांगत होते." बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी औषधाची चिठ्ठी वाचायला घेतली.

आई आता बरी आहे. माझं मात्र डोकं तिथेच अडकलंय. पदर, झोंबणं, "दुखत नाहीये", या तिन्हींचं मी एका शब्दात भुस्कट केलं. हे नुसतं वाईट भाषांतर का? की आईला जे होत होतं ते मुळात मराठीतच होत होतं?

कॉलेजात असताना भर्तृहरी या जुन्या संस्कृत व्याकरणकाराची एक कारिका (श्लोक) पाठ केली होती, त्याच्या 'वाक्यपदीय' ग्रंथातली:

न सोऽस्ति प्रत्ययो लोके यः शब्दानुगमादृते ।
अनुविद्धमिव ज्ञानं सर्वं शब्देन भासते ॥

म्हणजे जगात असं एकही ज्ञान नाही ज्याच्या मागोमाग शब्द येत नाही. सगळं जाणणं शब्दाने ओवलेलं असल्यासारखं दिसतं. तेव्हा मार्कांपुरती होती. त्या दवाखान्यात ती खरी वाटली. पण मग तान्ह्या बाळाच्या पोटात दुखतं त्याचं काय? त्याला कुठला शब्द?

तुमचे अनुभव लिहा. तत्त्वज्ञान येत असेल तर तेही लिहा, पण बेताने.

---

चिंचेचं झाड

काकूंना आराम पडला हे वाचून बरं वाटलं. तत्त्वज्ञान मला येत नाही, दुखणी येतात.

कळ येते आणि जाते. ठणका येऊन बसतो, आणि रात्री घरातले सगळे झोपले की वाढतो. ठसठस पिकलेल्या जागेची. न पिकलेलं ठसठसत नाही. सणक निघते, चमक भरते, उसण पण भरते. पिंडऱ्या वळतात. खरचटलेलं चुरचुरतं आणि त्यावर आयोडीन लावलं की झोंबतं. डोळ्यात खुपतं. कणकण म्हणजे ताप नाही, पण थर्मामीटरवर विश्वासही बसत नाही. आणि माझा लाडका शब्द, रग. मांडीवर बाळ झोपलंय, हलवलं तर उठेल म्हणून हात अर्धा तास तसाच ठेवलाय, तेव्हा त्या हाताला जे होतं ती रग. याला इंग्रजीत काय म्हणतात ते माझ्या नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, 'पेन'. त्याने बाळ कधी तसं धरलेलं नाही.

शिवाय 'पोट दुखतंय' आणि 'पोटात दुखतंय' वेगळं. दुसऱ्यातलं दुखणं कधीकधी शेजाऱ्यांच्या नव्या गाडीमुळेही असतं.

---

उगाच

प्रत्येक भाषेत असे शब्द असतात हो. इंग्रजीत थ्रॉबिंग, स्टिंगिंग, स्टॅबिंग सगळं आहे. धागाकर्त्याचं इंग्रजी कमी पडलं त्याला भर्तृहरी काय करणार?

---

दुपारची झोप

@उगाच, मान्य. ऑफिसात दिवसभर इंग्रजीच बोलतो, पण दुखण्याचं इंग्रजी कधी लागलंच नव्हतं. लागतं तेव्हा आपण 'आई गं' म्हणून मोकळे होतो.

---

सरकारी ओपीडी

मी जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी नोकरीत आहे, रोज शंभरावर पेशंट. थोडं सविस्तर लिहितो.

आधी त्या डॉक्टरची बाजू. पुरळ नसताना नागीण ओळखणं भल्याभल्यांना जमत नाही. डाव्या बाजूची तक्रार आल्यावर आधी ईसीजी हेच बरोबर. पण कपड्याचा स्पर्श सोसत नाही हे कळलं असतं तर मज्जातंतूची शंका नक्की आली असती. साध्या स्पर्शाने वेदना होणं ही आमच्यासाठी ठळक खूण आहे. ते वाक्य दुभाष्याकडे राहिलं. वाईट वाटून घेऊ नका, रोज होतं.

शब्दांवरून रोग ओळखायचा प्रयत्न आमच्याकडे जुना आहे. रोनाल्ड मेलझॅक यांनी १९७५ मध्ये मॅकगिल विद्यापीठाच्या नावाने एक प्रश्नावली काढली. वेदनेचे ७८ शब्द, २० गटांत. त्यामागे विचार असा की वेदना म्हणजे रेडिओच्या आवाजासारखी नुसती कमी-जास्त होणारी गोष्ट नाही, तिला जात असते. भाजल्यासारखी, विजेसारखी, पिळल्यासारखी अशी जात कळली तर मूळ कळतं. आता ओपीडीत ७८ शब्द कोण वाचून दाखवणार? म्हणून शून्य ते दहा. त्यात जात गेली, आकडा राहिला. आणि आकडाही काकूंनी दिला तसा. ज्या बाईने बाळंतपणाच्या कळा दहा धरल्या तिचे चार आणि ज्या मुलाला आयुष्यात फक्त दात दुखलाय त्याचे चार, हे मी एका रकान्यात लिहितो.

याची धोकादायक बाजू सांगतो. हार्ट ॲटॅकचे कितीतरी पेशंट 'दुखतंय' म्हणतच नाहीत. "गॅस धरलाय", "छातीवर कोणी बसल्यासारखं होतंय", "जीव घाबरा होतोय". आपण विचारायचं "छातीत दुखतं का?" आणि ते प्रामाणिकपणे "नाही" म्हणणार. कारण दुखणं म्हणजे त्यांच्या लेखी काहीतरी टोचणारं. म्हणून मी शब्दाबरोबर हाताकडे बघतो. एक बोट ठेवून जागा दाखवली तर जरा निश्चिंत. मूठ वळून छातीच्या मधोमध धरली की खुर्चीवरून उठतो. जगभर माणसं हृदयाचं दुखणं सांगताना ती मूठ वळतात, भाषा कुठलीही असो.

---

पोटमाळा

ओपीडी डॉक्टरांच्या त्या मुठीपाशी विट्गेनश्टाइन हा तत्त्वज्ञ उभा आहे. दोन परिच्छेद सहन करा.

त्याचं मुख्य पुस्तक तो गेल्यावर, १९५३ मध्ये आलं. त्यात एक खेळ आहे. समजा प्रत्येकाकडे एकेक डबी आहे आणि त्यात जे आहे त्याला सगळे 'भुंगा' म्हणतात. दुसऱ्याच्या डबीत कोणी डोकावू शकत नाही. आपापल्या डबीत बघूनच भुंगा म्हणजे काय ते प्रत्येकाला माहीत. मग कुणाच्या डबीत वेगळाच किडा असेल, कुणाची डबी रिकामीही असेल, तरी 'भुंगा' शब्द बाजारात चालतच राहील. म्हणजे शब्दाचा अर्थ डबीतल्या वस्तूवरून ठरलेला नाही. दुखण्याचं तसंच. आपण आत डोकावून, एक संवेदना पकडून, तिच्यावर 'ठणका' अशी चिठ्ठी डकवत नाही.

मग शब्द येतो कुठून? तो म्हणतो, मूल पडतं, रडतं. मोठी माणसं त्याच्याशी बोलतात, आणि हळूहळू रडण्याच्या जागी शब्द येतो. शब्द रडण्याचं वर्णन करत नाही, त्याची जागा घेतो. आपल्याकडे हे अगदी डोळ्यांदेखत घडतं. पोरगं आपटलं की आपण धावत जातो, "बाऊ झाला?" म्हणतो, फुंकर घालतो, वर जमिनीलाही एक चापट देतो. दोन-चार वेळा असं झालं की पुढच्या खेपेला ते रडायच्या आधी गुडघा पुढे करून म्हणतं, "बाऊ." (मोठेपणी हेच पोरगं जास्त सांगायला लागलं की आपण म्हणतो, बाऊ करू नकोस. दोन्ही बाऊ एकच की वेगळे, त्या व्युत्पत्तीत शिरत नाही.)

आता एक गोष्ट जी या धाग्यात यायलाच हवी. दुसऱ्या महायुद्धात हा केंब्रिजचा प्राध्यापक १९४१ मध्ये लंडनच्या गाइज हॉस्पिटलात पोर्टर म्हणून लागला, वॉर्डांत औषधं पोचवायला. तिथे जखमींच्या 'शॉक'वर संशोधन करणाऱ्या डॉक्टरांशी ओळख झाली आणि १९४३ मध्ये तो त्यांच्याबरोबर न्यूकॅसलला गेला. त्या डॉक्टरांची अडचण अशी की 'शॉक' हा शब्द जो तो वेगळ्याच अवस्थेला लावत होता, त्यामुळे नोंदी निरुपयोगी व्हायच्या. त्यांनी तो शब्द टाकून नेमकं काय दिसलं तेवढंच लिहायचं ठरवलं. विट्गेनश्टाइनने सुचवलं, अहवालात 'शॉक' हा शब्द उलटा छापा.

धागाकर्त्याने सांगितलेलं 'बर्निंग' मला तसं उलटं छापलेलं दिसतंय.

---

उगाच

वा. म्हणजे डबी रिकामी असली तरी चालेल? मग काकूंना नागीण नव्हतीच म्हणायची, नुसता भाषेचा खेळ?

---

पोटमाळा

नाही. तो वेदना नाकारत नाही. डबीत बघून शब्दाला अर्थ मिळतो, एवढंच नाकारतो. काकूंच्या 'झोंबतं'ला अर्थ मिळाला तो पदरामुळे, मिरचीमुळे, आयोडीनमुळे, त्यांच्या आईने लहानपणी "झोंबतंय का गं?" विचारल्यामुळे. हे सगळं वाईत होतं. बंगळूरला काकू एकट्याच आल्या.

---

निवृत्त मास्तर

३१ वर्षे व्याकरण शिकवले. माझे थोडे निराळे म्हणणे आहे. शब्दसंग्रहावर सगळे बोलत आहेत, वाक्याच्या सांगाड्याकडे कोणी पाहिलेले नाही.

'मी चालतो', 'मी खातो' यात कर्ता मी. पण 'मला दुखते', 'मला भूक लागली', 'मला झोप आली', 'मला आठवते', 'मला वाटते' यांत मी चतुर्थीत जाऊन बसलो आहे. गोष्ट माझ्याकडे येते, मी ती करत नाही. आणखी पुढे जा: 'मला मळमळते.' इथे कर्ता कोण ते सांगा. वर्गात दर वर्षी कोणीतरी 'पोट' म्हणायचे. पोट नाही. क्रियेचा भाव हाच कर्ता, म्हणून याला भावकर्तृक क्रियापद म्हणतात. याच वर्गात 'उजाडले', 'सांजावले', 'गडगडते' येतात. मळमळणे आणि गडगडणे व्याकरणात सख्खी भावंडे. एक पोटातले हवामान, एक आभाळातले.

फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तचे ते प्रसिद्ध वाक्य, मी विचार करतो म्हणून मी आहे, १६३७ चे. त्यावर अठराव्या शतकातल्या लिश्टेनबेर्ग नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने खोच काढली होती की 'मी विचार करतो' कशाला, वीज चमकते म्हणतो तसे नुसते 'विचार होतो' म्हणावे. त्याला जर्मन भाषा ओढूनताणून वाकवावी लागली. वाईची कोणतीही आजी 'मला आपलं वाटतं' म्हणताना ते रोज करते.

---

उगाच

मास्तर, म्हणूनच मराठी माणूस जबाबदारी झटकतो का? "मला राग आला", जणू राग एसटीने आला!

---

निवृत्त मास्तर

'मी रागावलो' हेही मराठीच आहे. भाषेने दोन्ही दारे उघडी ठेवली आहेत. कोणत्या दाराने जायचे ते तुम्ही ठरवता. आणि चतुर्थीचा हा प्रकार आपल्या एकट्याचा नाही. कन्नडमध्ये 'ननगे', हिंदीत 'मुझे', मालवणीत 'माका'. त्या डॉक्टरांना कन्नडमधून विचारले असते तर सांगाडा तरी जुळला असता. भाषा माणसाला घडवते हे खरे, पण लोक या वाक्याला फार ताणतात. २००७ साली रशियन बोलणाऱ्यांवर प्रयोग झाला. त्यांच्याकडे गडद निळा आणि फिकट निळा यांना अगदी वेगळे शब्द आहेत, एक सामाईक 'निळा' नाही. त्या सीमेवरच्या दोन छटा ओळखायला त्यांना थोडा कमी वेळ लागला. थोडा, म्हणजे सेकंदाचा अंश. इंग्रजी बोलणारे आंधळे निघाले नाहीत.

---

ऱ्हाईनकाठ

जर्मनीतून. माझा मुलगा ६ वर्षांचा, घरात मराठी, शाळेत जर्मन. परवा जेवताना म्हणाला, "आई, माझा पाय झोपला." जर्मनमध्ये पाय झोपतो. मी म्हटलं, मुंग्या आल्या का? तर तो घाबरून टेबलाखाली मुंग्या शोधायला लागला. मग रात्री विचारतो, आजीच्या पायात खऱ्या मुंग्या येतात का? मला कळेना, आता याच्या पायाला झोप येणार की मुंग्या. त्याला दोन्ही येतील का?

---

सरकारी ओपीडी

मुंग्या फक्त आपल्याच नाहीत. फ्रेंच माणसाच्या पायातही मुंग्या येतात, स्पॅनिशमध्ये तर त्या संवेदनेचं नावच मुंगीवरून आहे. त्वचेवर काही चालल्यासारखं वाटण्याला आमच्या पुस्तकात जो शब्द आहे तोही लॅटिन मुंगीवरून. चिनी वैद्यकातही मुंगी चालण्याची संवेदना असा शब्द आहे. इतक्या लांबच्या लोकांनी एकमेकांना न विचारता मुंगीच निवडली. म्हणजे कुठेतरी शरीरच भाषेला कानाला धरून नेतंय.

नागिणीचंही तेच. 'हर्पिस' हा शब्द ग्रीक, अर्थ सरपटणं. ग्रीकांनाही ते सरपटताना दिसलं आणि आपल्यालाही.

---

चिंचेचं झाड

नागिणीवरून आठवलं. आमच्या आत्याला झाली होती तेव्हा तिने पहिली गोष्ट विचारली, "तोंड आणि शेपटी मिळाली का?" मिळाली की माणूस दगावतो म्हणतात ना. डॉक्टरांनी दहा वेळा सांगितलं तरी ती रोज सकाळी आरशात पाठ बघायची. दुखणं एक आणि त्या नावाची धास्ती वेगळी. नाव 'पट्टा' असतं तर एवढी घाबरली असती का?

---

सरकारी ओपीडी

इंग्रजी नाव 'शिंगल्स' पट्ट्यावरूनच आलंय, लॅटिनमधून. लहानपणीच्या कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूच्या मुळाशी वर्षानुवर्षं पडून राहतो आणि वय झालं, अशक्तपणा आला की त्या एका तंतूच्या वाटेने बाहेर येतो. तंतू अर्ध्याच अंगाला फिरतो, म्हणून पुरळ सहसा मधोमध थांबतं आणि दोन टोकं मिळत नाहीत. हे मी रोज सांगतो. समोरची बाई मान हलवते आणि मग विचारते, "पण मिळालं तर?" आणि कृपा करून सगळ्यांनी वाचा: पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत औषध सुरू झालं तर उत्तम. गेरूचा लेप लावत आठवडा घालवू नका.

---

उगाच

अवांतर: इंग्लंडमधल्या कील विद्यापीठात २००९ मध्ये लोकांना बर्फाच्या पाण्यात हात धरायला लावला. एका वेळी शिव्या देत, एका वेळी साधा शब्द म्हणत. शिव्या देणाऱ्यांचा हात जास्त वेळ टिकला. तेव्हा भाषेचा मानवी अनुभवातला उपयोग सिद्ध झालेला आहे. धागा बंद करा.

---

ओसरी

पहिल्यांदाच लिहितेय, चूकभूल माफ.

बाबांना अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. म्हणजे पूर्ण गेलं नाही. एकच शब्द राहिला: "तेच ते." पाणी हवं, तेच ते. टीव्ही बंद कर, तेच ते. नातवाचं नाव, तेच ते. चिडले की चार अस्सल शिव्या मात्र स्वच्छ यायच्या (@उगाच, हे तुमच्या प्रयोगासाठी). आणि गणपतीत सगळ्यांनी आरती सुरू केली तर बाबांनी अख्खी 'सुखकर्ता' म्हटली, एक अक्षर न चुकता. आरती संपली, आईने रडत विचारलं, प्रसाद घेताय ना? "तेच ते."

डॉक्टर म्हणाले असं होतं. गाणं, शिव्या, पाठ केलेलं मेंदूत निराळ्या वाटेने येतं.

माझा प्रश्न धागाकर्त्याच्या श्लोकाला आहे. सगळं जाणणं शब्दाने ओवलेलं असेल तर बाबांचं काय उरलं होतं? कारण बाबा मेंढीकोट खेळायचे आणि जिंकायचे. कुठले हुकूम पडून गेले ते त्यांना माहीत असायचं. एका रात्री ते उठून स्वयंपाकघरात गेले, डबे उघडायचा आवाज आला. मी गेले तर एका हाताने मिसळणाचा डबा उघडून त्यातून लवंग काढत होते. माझ्या हातात दिली आणि गाल दाखवला. दाढ दुखत होती. 'दाढ' नाही, 'दुखतंय' नाही, 'लवंग' नाही. पण दाढ, दुखणं आणि लवंग तिन्ही जागच्या जागी.

---

दुपारची झोप

@ओसरी, तीनदा वाचलं. माझ्याकडे उत्तर नाही.

---

टाळकरी

ताई, नमस्कार. मी शिकलेला कमी, पण भर्तृहरी सप्ताहातल्या एका बुवांकडून ऐकलेला आहे आणि नंतर वाचला. तो 'शब्द' म्हणतो तो जिभेवरचा नव्हे. जिभेवरची ती वैखरी. तिच्या आत मध्यमा, मनात जुळणारी. तिच्याही आत पश्यंती, जिथे शब्द आणि अर्थ अजून फुटून वेगळे झालेले नाहीत. परा ही चौथी मागाहून जोडली, भर्तृहरीकडे तीनच. तुमच्या वडिलांची वैखरी गेली होती. लवंग शोधणारा आत शाबूत होता. तान्ह्या बाळाबद्दल वर विचारलंय, त्यालाही भर्तृहरीचं उत्तर आहे. तो म्हणतो, काय करायचं हे बाळालाही कळतं, तेसुद्धा मागच्या जन्मीच्या शब्दसंस्काराने. तेवढं तुम्हाला पटायला पाहिजे असं नाही.

आपल्या माउलींनी यात दोन्ही बाजू लढवल्या. अमृतानुभवाचं सहावं प्रकरण शब्दखंडन. पण सुरुवात काय केली? "बाप उपेगी वस्तु शब्दु." बापरे, केवढी उपयोगी वस्तू! आधी शब्दाची आरती ओवाळली आणि मग त्याच शब्दांनी शब्दाचं खंडन केलं. आणि ज्ञानेश्वरीत पहिल्याच अध्यायात, "हें शब्देंवीण संवादिजे, इंद्रियां नेणतां भोगिजे, बोलाआदि झोंबिजे प्रमेयासी." बोलाच्या आधी अर्थाला झोंबायचं. बघा, काकूंचाच शब्द. वाईच्या काकू पदर झोंबतो म्हणाल्या आणि माउली अर्थाला झोंबा म्हणतात. मला तर वाचून अंगावर काटा आला.

---

पोटमाळा

सुंदर. फक्त एक शंका, 'आत आणखी आत' असं म्हणत गेलं की कुठलंही उदाहरण भर्तृहरीला हरवू शकत नाही. मग जिंकण्यातही मजा राहत नाही. बौद्ध तत्त्वज्ञ दिङ्नागाने उलट टोक धरलं होतं: प्रत्यक्ष ज्ञान म्हणजे कल्पनेचा, म्हणजे नाव-जात जोडण्याचा, स्पर्शही न झालेलं. त्याला ओसरीताईंचे बाबा आवडले असते. मला मात्र ती लवंग एकट्या डोक्यातली वाटत नाही. दाढ दुखली की लवंग धरायची हे त्यांना कुणीतरी शिकवलं होतं, आणि ताईंनी लवंग बघून गालाकडे पाहिलं कारण त्यांनाही ते कुणीतरी शिकवलं होतं. दोघांचं बोलणंच झालं ते. हे कधी न शिकलेल्या कुणाच्या हातात लवंग ठेवली असती तर त्याने ती परत डब्यात टाकली असती.

---

सरकारी ओपीडी

शेवटचं लिहितो, ड्यूटी आहे. ज्याला सांगता येत नाही त्याला दुखत नाही, असं मानायची चूक आमच्या क्षेत्राने केलेली आहे. १९८० च्या दशकापर्यंत जगातल्या चांगल्या हॉस्पिटलांत नवजात बाळांची ऑपरेशनं नावापुरत्या भुलीवर व्हायची, कारण त्यांना वेदना तितकी कळत नाही असा समज होता. १९८७ मध्ये डॉ. के. जे. एस. आनंद आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की पुरेशी भूल दिली तर बाळं ऑपरेशन कितीतरी चांगलं सोसतात. त्यांच्या रक्तातले ताण दाखवणारे घटक बोलत होते, ऐकणारं कोणी नव्हतं. वेदनेची जी आंतरराष्ट्रीय व्याख्या आहे तिला २०२० मध्ये टीप जोडली गेली: शब्दांत सांगणं हा वेदना व्यक्त करण्याच्या अनेक प्रकारांपैकी एकच प्रकार, सांगता आलं नाही म्हणजे वेदना नाही असं नव्हे. माणसाला आणि प्राण्यालाही.

@ओसरी, तुमच्या परवानगीने लवंगेची गोष्ट मी आमच्या इंटर्न मुलांना सांगणार आहे.

---

ओसरी

जरूर सांगा. बाबांना आवडलं असतं. काय म्हणाले असते ते तुम्हाला माहीतच आहे.

---

दुपारची झोप

धागा वर काढतोय, एका दुरुस्तीसाठी.

काल आईला फोनवर हा सगळा धागा वाचून दाखवला. ओसरीताईंच्या इथे दोघंही थोडा वेळ गप्प होतो. चिंचेच्या झाडाची 'रग' ऐकून ती म्हणाली, या मुलीला काहीतरी कळतं. टाळकऱ्यांची ओवी तिला पाठ होती, ती माझ्याबरोबर म्हणाली. मग थांबली.

"पण मी झोंबतं कुठे म्हटलं होतं?"

"म्हटलं होतंस की. पदर लागला तरी झोंबतं."

"झोंबतं ते मिरचीचं, औषधाचं. पदराला काय मिरची लावली होती? मी चरचरतंय म्हटलं होतं. तव्यावर पाणी शिंपडल्यावर होतं तसं."

मी शपथेवर सांगितलं की झोंबतंच म्हणाली होती. ती म्हणाली, "दुखत मला होतं की तुला?"

@टाळकरी, माफी असावी.

---

टाळकरी

माफी कसली. माउलींची ओवी तशीच आहे, काकूंचा पदर तेवढा सोडवून घेतो. चरचर तव्याचीच, हे मात्र त्यांनी बरोबर सांगितलं.

---

सरकारी ओपीडी

काकूंना विचारा, पुरळ वाळल्यावर अजून चरचरतं का? दुखतं का विचारू नका.